परंपरेला न दिसलेला अपाय

पुण्यातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत बाळगुटीच्या जिनसांबरोबर वेखंड आजही मागितले जाते, आणि ते निर्धोक असल्याचा पुरावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर पुढे केला जातो. हा पुरावा खरा आहे, परंतु लवकर दिसणाऱ्या अपायापुरताच. बचनाग, कुचला, बिब्बा यांची गणना विष-उपविषांत करून त्यांचे शोधन, म्हणजे दोष घालवण्याचा संस्कार, ज्यांनी सांगितला त्या वैद्यांची निरीक्षणशक्ती असामान्य होती. जनुकीय विषाक्तता, म्हणजे पेशीतील डीएनएला किंवा गुणसूत्रांना होणारी इजा, मात्र कित्येक वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने प्रकटते, आणि तोवर घेतलेल्या काढ्याचा कोणाला संशयही येत नाही.

ब्रसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्याच्या उपचारात एका चिनी वनौषधीऐवजी ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पती चुकून दिली गेली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला, कारण तिच्यातील आम्ल डीएनएला जखडून त्याची अक्षरे बदलते. आपल्याकडील सापसण आणि किडामारी याच प्रजातीतल्या आहेत.

वेखंडाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याच्या तेलाने उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्यावरून अमेरिकेने १९६८ मध्ये त्याचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला; परंतु संशयित घटक, बीटा-असारोन, गुणसूत्रांचे चार संच असलेल्या वेखंडात विपुल, तर दोन संचांच्या अमेरिकी वेखंडात जवळजवळ नसतो. म्हणून चाचणीआधी नमुन्याची ओळख पटवावी लागते, आणि १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या वनस्पतिसंग्रहाचे मोल इथे कळते.

चाचणीचा निकालही डोळे झाकून स्वीकारता येत नाही. एम्स चाचणीत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे जिवाणू उत्परिवर्तनाने ती क्षमता परत मिळवतात का, हे पाहतात. परंतु वनस्पतीच्या अर्कातच हिस्टिडीन असेल तर जिवाणू उत्परिवर्तनाशिवायही वाढतात. कांद्यातील क्वेर्सेटिन या चाचणीत दोषी ठरते, म्हणून कोणी कांदा विष मानत नाही. त्यामुळे प्राण्यांच्या अस्थिमज्जेतील सूक्ष्मकेंद्रके, म्हणजे तुटलेल्या गुणसूत्रांचे अवशेष, तपासणेही आवश्यक ठरते.

ग्रंथोक्त पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाच्या परवान्यासाठी आपला कायदा सुरक्षिततेचा अभ्यास मागत नाही, आणि ही सवलत जनुकीय अपायाच्या बाबतीत समर्थनीय नाही. मात्र तपासायचे ते बाळाला प्रत्यक्ष मिळणारे द्रव्य: मद्यार्कातून काढलेला तीव्र अर्क वेगळा आणि सहाणेवर दुधात दिलेले एक-दोन वेढे वेगळे. त्या वेढ्यांत बीटा-असारोन किती उतरते, हे मोजल्यावाचून वेखंडाला दोषी ठरवणे जितके घाईचे, तितकेच त्याला निर्दोष म्हणणेही घाईचे आहे.