मेहुणा सत्तेत, दाजी मोर्चात

राजकारणातली सोयरीक दिसली की आपल्या मनात पहिली शंका येते, ‘आतून सगळे एकच!’ बहुतेक वेळा ती खरीही ठरते. म्हणूनच प्रा. एन. डी. पाटील यांचे उदाहरण पुन्हा पाहावे.

वाळवे तालुक्यातल्या ढवळीच्या शेतकरी कुटुंबात 1929 साली जन्मलेला हा माणूस आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) राहिला. पत्नी सरोजताई म्हणजे शरद पवारांची सख्खी बहीण. 1978 च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात पवार मुख्यमंत्री, तर एन. डी. सहकारमंत्री. इथे कुणी भुवई उंचावेल. पण 1960 मध्येच ते विधान परिषदेत पोचले होते आणि शेकाप पुलोदमधला घटकपक्ष होता. मंत्रिपद सासरवाडीने दिले नव्हते.

खरी परीक्षा पुढे झाली. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार, पवार केंद्रात कृषिमंत्री, आणि रायगडमध्ये महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) भूसंपादन सुरू. त्याविरुद्धच्या लढ्याच्या पुढच्या फळीत एन. डी. होते. सप्टेंबर 2008 मध्ये पेण भागातल्या 22 गावांत जनमत घेण्याची वेळ सरकारवर आली. पुढे भूसंपादनही बारगळले. कोल्हापूरच्या टोलविरुद्ध ते रस्त्यावर उतरले तेव्हा वयाची ऐंशी उलटली होती. सरकार मेहुण्याच्या पक्षाच्या भागीदारीतलेच. तरी रयत शिक्षण संस्थेत दोघांनी बरोबर काम केले. बोलणे तुटले नाही, नातेही नाही.

ही शिस्त पवारांच्या घरातही होती. आई शारदाबाई शेकापच्या. 1960 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव शेकापकडून उभे, आणि शरदराव प्रचार करत होते काँग्रेसचा. थोरल्या भावाने त्यांना अडवले नाही. आज पुतण्या वेगळ्या पक्षात गेला तर आपण त्याला ‘फूट’ म्हणतो. तेव्हाचे मतभेद विचारांचे होते, वाटणीचे नव्हते. फरक मला एवढाच वाटतो, पण तो फार मोठा आहे.

नातेवाईक मोठे असणे हा कुणाचा गुन्हा नाही. त्यांच्यासाठी कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या खिशावर गप्प बसलात, हा मात्र हिशेब मागता येतो. पुढच्या निवडणुकीत एखादा उमेदवार घराण्याचे नाव घेऊन दारात आला, तर त्याला चहा जरूर द्या. आणि घरच्यांच्या निर्णयाविरुद्ध तो जाहीरपणे कधी बोलला, तेही विचारा.