निद्राजय आणि युक्त निद्रा

मनुष्याच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा भाग निद्रेत जातो. साठ वर्षे जगलेला गृहस्थ सुमारे वीस वर्षे निजलेला असतो. हा हिशेब मनात आला की विचारी माणसाच्या चित्तात शंका उभी राहते. नरदेह दुर्लभ, आयुष्य अल्प आणि कर्तव्ये पुष्कळ. मग एवढा मोठा भाग जाणिवेवाचून जाऊ देणे हा प्रमाद नव्हे काय? झोप तोडून तो वेळ जप, अध्ययन आणि अर्थार्जन यांकडे लावावा, हाच पुरुषार्थ नव्हे काय? हा प्रश्न आरोग्याचा तर आहेच, परंतु तो धर्माचाही आहे. कारण स्वतःच्या देहावर आपला अधिकार कोठवर आणि घरातील इतरांच्या देहावर कोठवर, हे त्यात ठरवावे लागते.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. गीतेच्या चौदाव्या अध्यायात, तमोगुण जीवाला प्रमाद, आलस्य आणि निद्रा यांनी बांधतो, असे भगवंतांनी सांगितले आहे. अठराव्या अध्यायात निद्रा, आलस्य व प्रमाद यांपासून उपजणाऱ्या सुखाला तामस म्हटले आहे. शिवाय ज्याला हा उपदेश झाला तो अर्जुन ‘गुडाकेश’ आहे. गुडाका म्हणजे निद्रा आणि तिचा ईश तो गुडाकेश, अशी या नावाची फोड टीकाकार करतात. तेव्हा निद्रा जितकी कमी, तितके सत्त्व अधिक, असे अनुमान कोणी काढील. पुष्कळ सज्जन ते काढतातही, आणि ‘मी चारच तास झोपतो’ हे वाक्य अभिमानाने उच्चारतात.

परंतु याच गुडाकेशाला भगवान सहाव्या अध्यायात काय सांगतात ते पाहावे. जो अति निजतो त्याला योग साधत नाही, आणि जो अति जागतो त्यालाही साधत नाही. ज्याचा आहार-विहार, कर्मे, निद्रा आणि जागृती ही युक्त आहेत, त्याचाच योग दुःख हरण करणारा होतो. येथे अतिजागरणाला अतिनिद्रेच्याच पंक्तीला बसविले आहे. निद्राजय म्हणजे निद्रानाश असा अर्थ असता, तर निद्राजयी शिष्याला हा उपदेश करण्याचे प्रयोजनच उरले नसते.

भाषांतर करणाराला येथे ‘युक्त’ या शब्दाशी थांबावे लागते. मराठीत आपण सहज ‘बेताची झोप’ म्हणतो. पण बेत हा शब्द केवळ परिमाण सांगतो. श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात मोठा सूक्ष्म भेद केला आहे. आहार-विहाराच्या बाबतीत युक्त म्हणजे ज्याचे परिमाण नियत आहे असा, आणि निद्रा-जागृतीच्या बाबतीत युक्त म्हणजे ज्यांचा काळ नियत आहे अशी, असा अर्थ ते करतात. अन्न मोजून घ्यावे. निद्रा मात्र वेळेवर घ्यावी. किती तास झोपलो एवढेच पुरेसे नाही, केव्हा झोपलो हेही पाहावे लागते. आधुनिक निद्राशास्त्राने या भेदाचे महत्त्व आपल्यापुढे नव्याने आणले आहे.

निद्रा म्हणजे दिवा मालविल्यासारखी एकच स्थिती आहे, असा समज फार काळ होता. 1953 साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिअल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, निजलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून अनेकदा मिटल्या पापण्यांखाली वेगाने हलतात, आणि अशा वेळी त्याला उठविले तर तो बहुधा स्वप्न पाहत असल्याचे सांगतो. पुढील संशोधनाने निद्रेची रचनाच स्पष्ट झाली. प्रथम हलकी झोप, मग गाढ झोप, मग पुन्हा वर येऊन हा स्वप्नबहुल भाग, असे एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचे असते, आणि रात्रभरात अशी चार ते सहा आवर्तने होतात. मात्र ती सारखी नसतात. रात्रीच्या पूर्वभागात गाढ निद्रेचा वाटा मोठा असतो. पहाटेकडे ती आटत जाते आणि स्वप्नाचा भाग वाढतो. देहाची झीज भरून येणे, बालकांची वाढ, स्मृती पक्की होणे, भावनांचा क्षोभ शमणे, ही कामे या निरनिराळ्या अवस्थांत वाटली गेलेली आहेत. म्हणून जो रात्री उशिरा निजून गजराने पहाटेच उठतो, तो केवळ दोन तास गमावीत नाही. त्या दोन तासांतच जे व्हावयाचे ते त्याचे होत नाही.

आपल्या पूर्वजांनी जाग्रत्, स्वप्न आणि सुषुप्ती यांचा विचार केला तो आत्म्याच्या शोधासाठी; यंत्राने मेंदूचे तरंग मोजणाऱ्यांचा हेतू निराळा. दोहोंची परिभाषा एकच मानणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तरीही त्यांचे निरीक्षण किती बारीक होते हे पाहून आदर वाटतो. दिवसभर उडून थकलेला ससाणा पंख मिटून घरट्याकडे वळावा तसा जीव सुषुप्तीकडे धावतो, असा दृष्टान्त बृहदारण्यक उपनिषदात आहे. निजलेल्याला एकाएकी उठवू नये, असे लोक सांगतात, हेही तेथेच म्हटले आहे. गाढ झोपेतून दचकून उठविलेला माणूस काही काळ गोंधळलेला राहतो, त्याचा निर्णय चुकतो, हे आजचे वैद्यही सांगतात. चरकाचार्यांनी तर आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले, आणि आलेली झोप अडविणे हे मल-मूत्रादींचे वेग अडविण्याच्या जोडीने निषिद्ध मानले.

मग ब्राह्ममुहूर्ताचे काय? त्याचा निषेध मुळीच नाही. सूर्योदय सहाला धरला तर ब्राह्ममुहूर्त चार वाजून चोवीस मिनिटांनी सुरू होतो. प्रौढ माणसाला सात तासांची झोप हवी, असे आजचे निद्रातज्ज्ञ सांगतात. तेव्हा त्या वेळी उठणाऱ्याने रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास निजले पाहिजे. तेलाच्या दिव्यांच्या काळी ते आपोआप घडत असे. आज आपण व्रताचा उत्तरार्ध ठेवला आणि पूर्वार्ध सोडला. रात्री बारापर्यंत हातातील पडद्याकडे पाहावयाचे आणि पहाटे चारला उठून ध्यानाला बसावयाचे, याला साधना म्हणावे तर ध्यानात डुलकी लागते, आणि दिवसभर चिडचीड होते ती निराळीच. देहाला निष्कारण क्लेश देणाऱ्या तपाची गणना भगवंतांनी सतराव्या अध्यायात तामसात केली आहे. झोप तमोगुणी म्हणून जो तिचा छळ करतो, तो अशा रीतीने दुसऱ्या दाराने तमातच शिरतो. निद्रेची निंदा जेथे आहे तेथे ती आलस्य आणि प्रमाद यांच्या संगतीत आहे, हे विसरू नये. कर्तव्य टाळण्यासाठी घेतलेली झोप तामस. उद्याच्या कर्तव्यासाठी घेतलेली झोप कर्तव्याचेच अंग होय.

एकादशी, महाशिवरात्र यांच्या जागरणांना यामुळे बाध येत नाही. ती नैमित्तिक आहेत. नैमित्तिक जर नित्य झाले तर त्याचे निमित्तच संपते.

येथवर स्वतःच्या निद्रेचा विचार झाला. आता त्याहून अवघड भाग. महाभारताच्या द्रोणपर्वात, जयद्रथवधानंतरच्या भयंकर रात्री, युद्ध मशालींच्या उजेडात चालूच राहिले. घटोत्कच पडला. सैनिक झोपेने इतके व्याकूळ झाले की त्यांना आपले-परके ओळखू येईना. त्या वेळी अर्जुनाने पुकारून सांगितले की, सर्वजण थकलेले आहेत. चंद्रोदय होईपर्यंत येथेच रणभूमीवर निजावे, आणि मग पुन्हा लढावे. कौरवांच्या सैन्यानेही ते मान्य केले आणि अर्जुनाला दुवा दिला. हत्ती, घोडे आणि माणसे जेथल्या तेथे निजली. गुडाकेश या नावाचा खरा अर्थ मला या प्रसंगात दिसतो. ज्याने निद्रा जिंकली होती, त्याने इतरांची निद्रा हिरावली नाही. शत्रूलाही ती दिली.

त्याच युद्धाच्या शेवटी सौप्तिकपर्वात दुसरी एक रात्र येते. वटवृक्षाखाली कृपाचार्य आणि कृतवर्मा निजले. अश्वत्थामा मात्र क्रोधाने जागा राहिला. आज रात्री विश्रांती घे, उद्या लढू, हा कृपाचार्यांचा सल्ला त्याने मानला नाही. घुबडाने निजलेले कावळे मारलेले पाहून त्याला मार्ग सुचला, आणि त्याने निजलेल्यांची हत्या केली. जागे दोघेही राहू शकत होते. एकाने दुसऱ्यांना निजू दिले, दुसऱ्याने निजलेल्यांना उठूच दिले नाही. संतप्त मनाने मध्यरात्री केलेला निश्चय सकाळपर्यंत ठेवावा, हा धडा कोणत्याही गृहस्थाने घेण्यासारखा आहे.

आपल्या घराकडे याच दृष्टीने पाहावे. घरात सर्वांत शेवटी कोण निजते आणि सर्वांत आधी कोण उठते? पुष्कळ घरांत दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते: गृहिणी. यजमान रात्री अकराला जेवणार, म्हणून ती बारापर्यंत स्वयंपाकघर आवरणार. यजमानांची पूजा पहाटे पाचला, म्हणून ती चारला उठून तयारी करणार. यजमानांचे पुण्य तिच्या चार तासांच्या झोपेवर उभे राहते. दिवसा तिचा डोळा लागला तर तिलाच आळशी म्हणतात. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये, हे अस्तेय आपण मुलांना शिकवतो. दुसऱ्याची निद्रा घेणे या व्रतात बसते काय, याचा विचार करावा. रात्रपाळी करून आलेला मुलगा सकाळी निजला असता घंटानाद थोडा हळू झाला, तर देव रागावणार नाही. तान्ह्या बाळाच्या आईला कुणी दुपारी दोन तास निजू दिले, तर तेही एक व्रतच.

आचरणाला सोपे असे थोडके सांगतो. निजण्याची आणि उठण्याची वेळ ठरवावी, आणि सुटीच्या दिवशीही ती फार मोडू नये. देहातील घड्याळाला सुटी नसते. सकाळचा सूर्यप्रकाश डोळ्यांवर पडू द्यावा, कारण त्यानेच ते घड्याळ जुळते. प्रातःसंध्येचा हेतू हा नव्हे, परंतु नेमाने संध्या करणाराला हा लाभ आपसूक मिळत असे. चहा-कॉफीचा अंमल कित्येक तास टिकतो, म्हणून ती दुपारनंतर टाळावी. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा. दुपारची वामकुक्षी थोडकी असावी. जो जोराने घोरतो आणि ज्याचा श्वास झोपेत मधूनमधून अडतो, त्याने ते गाढ झोपेचे लक्षण न मानता वैद्याला दाखवावे. आणि दिवा मालवण्यापूर्वी यजमानाने एकदा स्वयंपाकघरात डोकावावे. तेथे अजून काम उरले असेल तर त्याची रात्र अजून झालेली नाही. ते काम दोघांनी मिळून उरकावे, देवाचे नाव घ्यावे, आणि दोघांनीही वेळेवर निजावे.