अहिंसेची किंमत कोणी मोजायची?

अहिंसा स्वतःच्या जिवापुरती पाळणे वेगळे आणि ती राज्यावर बंधनकारक मानणे वेगळे. या दोहोंतला फरक पाहायला गोव्याच्या उत्तर टोकाचा तेरेखोल किल्ला चांगली जागा आहे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्यात मोडतो. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला. तटाच्या आतला चौक इतका लहान की सेंट अँथनीच्या चर्चनेच तो जवळजवळ भरून जातो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने हातात शस्त्र न घेता या किल्ल्यावर तिरंगा लावला. झेंडा एक दिवस टिकला, मग सत्याग्रही पकडले गेले. त्याच दिवशी बांद्याकडून मार्क फर्नांडिस आणि दक्षिणेला पोळेकडून अँथनी डिसोझा यांच्या तुकड्या निघाल्या होत्या. तिन्ही पुढारी गोमंतकीय ख्रिस्ती होते. गोव्यातला ख्रिस्ती पोर्तुगालवर समाधानी आहे, या लिस्बनच्या दाव्याला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण.

या लढ्यामागचा विचार समाजवादी होता. १८ जून १९४६ रोजी मडगावला समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हापासून सविनय कायदेभंग ही इथल्या चळवळीची रीत झाली. लोहियांना कायदेभंग म्हणजे केवळ डावपेच वाटत नव्हता. मतपेटी आणि बंदूक यांच्यामधला, सामान्य माणसाला कायम खुला असलेला तो मार्ग आहे, असे ते मानत. पुढे त्यांनी सात क्रांत्या सांगितल्या, त्यांत शस्त्राविरुद्ध सत्याग्रह हीही एक होती.

अहिंसा स्वतःपुरती की राज्यासाठीही, हा प्रश्न ब्रिटनमध्ये जॉर्ज लॅन्सबरी यांच्यापुढे उभा राहिला. १९३२ ते १९३५ ते मजूर पक्षाचे नेते होते आणि पक्षाच्या डाव्या अंगाचे होते. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. युद्ध हे पाप आहे, मग ते कोणत्याही कारणासाठी असो, ही त्यांची धारणा होती. १९३५ मध्ये इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चाल केली. ब्रायटनच्या अधिवेशनात पक्षाने इटलीविरुद्ध निर्बंधांच्या बाजूने कौल दिला; वेळ पडल्यास त्यामागे बळही उभे करावे लागणार होते. लॅन्सबरींना ते मान्य होईना. कामगार संघटनेचे पुढारी अर्नेस्ट बेव्हिन यांनी त्यांच्यावर कडवट टीका केली आणि काही दिवसांत लॅन्सबरींनी नेतेपद सोडले.

त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. पण त्यांच्या अहिंसेची किंमत १९३५ साली ॲबिसिनियाचा शेतकरी देणार होता, लंडनचा खासदार नव्हे. ज्याच्या अंगावर बॉम्ब पडतात त्याच्या वतीने दुसऱ्याने शस्त्रत्याग जाहीर करावा, हा अहिंसेचा कच्चा अर्थ आहे.

याच लॅन्सबरींनी चौदा वर्षांपूर्वी पक्का अर्थ जगून दाखवला होता. १९२१ मध्ये पूर्व लंडनच्या पॉपलर भागात त्यांच्यासह तीस नगरसेवकांनी गरीब वस्तीवर लादलेला अन्यायी कर गोळा करण्यास नकार दिला आणि ते सुमारे सहा आठवडे तुरुंगात राहिले. सरकारला कायदा बदलावा लागला. तेरेखोलशी खरे नाते या लॅन्सबरींचे आहे. दोन्हीकडे माणसांनी आपलेच शरीर पणाला लावले.

मग पॉपलरला यश मिळाले आणि तेरेखोलला नाही, असे का? पॉपलरची बातमी वर्तमानपत्रे छापत होती, मंत्र्यांना मतदारांना तोंड द्यायचे होते. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालात वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि १९५१ पासून गोवा हा सागरापलीकडचा पोर्तुगीज प्रांतच ठरवलेला होता. सत्याग्रह प्रतिपक्षाच्या मनावर काम करतो; ते मन जनतेला बांधील नसेल तर त्याची धार बोथट होते. १५ ऑगस्ट १९५५ ला हे रक्ताने सिद्ध झाले. पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि कर्नैलसिंग बेनिपाल यांच्यासह कित्येक जण पडले. भारत सरकारने लवकरच सत्याग्रहींना सीमा बंद केली. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

सैन्य आले म्हणून सत्याग्रह खोटा ठरतो का? नाही. सत्याग्रही व्रत घेतो ते स्वतःच्या जिवाचे. प्रजेचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य त्या व्रताने संपत नाही. आणि सैन्य आले म्हणजे बंदूकच बरोबर होती, असेही होत नाही. हा प्रदेश परक्याचा नाही, हे गोमंतकीयांनी निःशस्त्र छातीने आधी सांगून ठेवले होते. त्या साक्षीशिवाय डिसेंबरची कारवाई नुसती चढाई ठरली असती.

पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाकडे शाळांच्या सहली जातात. त्यांनी केरीची फेरीबोट धरून तेरेखोलच्या त्या लहानशा चौकातही एकदा उभे राहावे.