आईच्या प्रार्थनेतील 'देव'

के. आर. पुरम येथील एक मराठी तरुण आईच्या 'हे देवा' या प्रार्थनेला आमेन म्हणेना. 'देव' शब्द मूर्तिपूजकांचा, 'गॉड' तेवढा शुद्ध, असे त्याचे म्हणणे. (शेजारच्या कन्नड बायबलातही 'देवरु'च आहे!) परंतु 'गॉड' तरी कोठला? प्राचीन जर्मानिक 'गुदं' या नपुंसकलिंगी नामाचा तो वंशज. जर्मन 'गोट' त्याचा भाऊ. विद्वान त्याचे मूळ संस्कृत 'हूत' किंवा 'हुत' यांच्याशी जोडतात: ज्याला हाक मारली, अथवा ज्याला आहुती दिली, तो. ख्रिस्तपूर्व दैवतांचा हाच शब्द वुल्फिलाने चौथ्या शतकात गॉथिक भाषांतरात स्वर्गीय पित्यासाठी घेतला आणि पुल्लिंगी योजला. पौलानेही अथेनैकरांचाच 'थेऑस' उच्चारला. त्या तरुणाला मी म्हटले, आज रात्री आईजवळ बैस आणि आमेन म्हण.