दम आणि घड्याळ

खारेपाटात भाताची कापणी-झोडणी आटोपली की पेण-अलिबागकडच्या गावांत कबड्डीच्या सामन्यांना जोर येतो. माती चोपून, पाणी मारून मैदान केलं जातं, चुन्याच्या रेषा पडतात, दिव्यांचे झोत लागतात आणि दोन पिढ्या शेजारी शेजारी बसतात. एकीने कबड्डी मातीत शिकली, दुसरीने आधी टीव्हीवर पाहिली. चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली की थोरल्यांचे कान त्याच्या तोंडाकडे लागतात आणि धाकटे सेकंद मोजू लागतात. चढाई एकच, पण थोरले दम ऐकतायत आणि धाकटे घड्याळ बघतायत.

मला या फरकाची काळजी वाटते. धाकट्यांचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. खेळ शंभर वर्षं टिकायचा तर त्याला बदलावंच लागतं, आणि कबड्डी फार शहाणपणाने बदलत आली आहे. फक्त एका ठिकाणी तिचा हात सुटत चालला आहे, आणि ते ठिकाण नेमकं तिच्या काळजाचं आहे.

आधी शहाणपणाबद्दल. ‘मूळ कबड्डी’ अशी एकच कधी नव्हती. महाराष्ट्रात हुतूतू होता, इतरत्र दुसरी नावं आणि दुसऱ्या रीती होत्या. १९२३ मध्ये नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्या काळात खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसायचा तो आख्खा संघ बाद होईपर्यंत. म्हणजे गावचा सगळ्यात चपळ पोरगा पहिल्याच चढाईत पकडला गेला, तर बाकीचा खेळ त्याने बाहेरून बघायचा. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राहायचा, फक्त गुण मोजला जायचा. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक परत आत यायचा. आज आपण जी कबड्डी खेळतो ती या संजीवनीची. गामिनीत चुकीची शिक्षा फार मोठी, अमरमध्ये शिक्षा जवळजवळ नाहीच. संजीवनीने मधली वाट धरली: चूक भोवते, पण सोबती तुला परत आणू शकतो. ज्यांनी ही निवड केली त्यांना खेळ म्हणजे काय ते नेमकं कळलं होतं.

बाकीचे नियमही तसेच तोलून घातलेले आहेत. समोरच्या गड्याला हात लागला नसेल तर निदानरेषा ओलांडल्याशिवाय चढाई पुरी होत नाही, म्हणून काठावर नाचून परत येता येत नाही. राखीव पट्टे एरवी बंद असतात. झटापट सुरू झाली की ते खुले होतात आणि मैदान एकदम रुंद होतं. शत्रूला हात लागल्यावरच पळायला जागा मिळते. चढाईपटूला धाडस करायला लावणारी यापेक्षा सुंदर युक्ती मला दुसऱ्या कुठल्या मैदानी खेळात दिसलेली नाही.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिच्यामुळे काही नवे नियम घराघरांत पोहोचले. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर एक गुण जास्त. मराठी वर्तमानपत्रं तिला अव्वल पकड म्हणतात. जुन्याजाणत्यांपैकी काहींना हे नियम तमाशासाठी आणलेले वाटले. मला तसं वाटत नाही. तिसरी चढाई निदानरेषेचंच काम पुढे नेते, आणि अव्वल पकडीमुळे संजीवनीसारखाच पडलेल्या संघाला उठायचा रस्ता मिळतो. आता गावच्या सामन्यातही ‘थर्ड रेड’ची आरोळी उठते आणि थोरले बाकांवरून पुढे सरकतात, याचं कारण हा नियम खेळाच्या स्वभावातूनच आला आहे.

मॅटचंही तसंच. अनवाणी पावलाला मातीची ओल कळते आणि मॅटवर बूट घालावे लागतात, ही हळहळ मला समजते. पण मॅट नसती तर खारेपाट न पाहिलेल्या देशांना हा खेळ उचलता आला नसता. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचा वारसा असलेल्या इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात इराणच्याच मुलींनी आपल्या मुलींना. ते पराभव झोंबले, पण कबड्डी जगाची झाली हेही तेव्हाच कळलं.

काय बदलायचं आणि काय राखायचं, हा पेच दीर्घकाळ चाललेल्या साहसी व्हिडिओ गेमच्या मालिकांपुढेही असतो. १९९६ च्या ‘टूम्ब रेडर’मध्ये सारं जग चौकोनी ठोकळ्यांत मापलेलं होतं. दरी ओलांडायची तर कडेपर्यंत चालत जायचं, एक उडी मागे यायचं, मग धावून झेप घ्यायची. चुकलं की मरण. २०१३ च्या नव्या अवतारात नायिका लारा कडा जवळजवळ आपणहून पकडते आणि कुठे चढायचं ते रंगाने खुणावलेलं असतं. देखणा खेळ, पण उडीतली भीती गेली. २०२४ मध्ये पहिले तीन भाग पुन्हा आले तेव्हा खेळाडूला जुनी आणि नवी, दोन्ही नियंत्रणं दिली गेली. नवी घेऊन खेळताना अनेकांना अडखळायला झालं, कारण त्या दऱ्या जुन्याच उडीच्या मापाने खोदलेल्या होत्या. उलट उदाहरण ‘झेल्डा’चं. १९८६ ला सुरू झालेल्या या मालिकेने २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये अनेक रूढ संकेत मोडले. कुठलाही कडा चढा म्हणाले, पण चढताना एक हिरवं वर्तुळ रिकामं होत जातं. ते संपलं की हात सुटतो. माथा दोन हात वर आहे आणि दम संपत आलाय, हा क्षण कबड्डीच्या चढाईपटूला कुणी समजावून सांगायला नको.

आता ते काळजाचं ठिकाण. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. मर्यादा हवीच होती. लांबलेली चढाई सामना मारते. नियमपुस्तकात दमही आहे: एका श्वासात ‘कबड्डी’चा स्पष्ट, अखंड उच्चार. पण पडद्यावर घड्याळ मोठं दिसतं, समालोचन आणि संगीताच्या गदारोळात उच्चार ऐकू येत नाही, आणि दम सुटला म्हणून चढाईपटू बाद झालेला प्रेक्षकाला क्वचितच दिसतो. याने खेळाचं मापच बदलतं. दम हे प्रत्येकाच्या छातीतलं वेगळं घड्याळ होतं. एकाचा लांब, एकाचा आखूड, आणि बचावाने ते ओळखून सापळा लावायचा: कोपरारक्षकाने मागे सरकत राहायचं, चढाईपटूला आत ओढायचं, आवाज बारीक झाला की साखळी आवळायची. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना सारखेच तीस सेकंद देतं. बचावाला ऐकण्यासारखं काही उरत नाही.

आणि यातली खरी गोम अशी. आघाडीवरचा संघ आज पूर्ण तीस सेकंद खर्चून, निदानरेषा ओलांडून, हात न लावता परत येतो. तिसऱ्या चढाईचा नियम या वेळकाढूपणावरचाच उतारा आहे. पण वाकत, पळत, हुलकावण्या देत एकाच श्वासात तीस सेकंद स्पष्ट उच्चार करणं कठीण असतं. दम कसून तपासला तर कितीतरी चढाया वीस-बावीस सेकंदांतच आटोपतील आणि वेळकाढूपणा आपसूक महागात पडेल. जुन्या नियमात हे औषध आधीपासून होतं.

यावर खरा आक्षेप आहे तो पंचाच्या कानाचा. गर्दीच्या आरडाओरड्यात दम सुटला की नाही यावर भांडणं होतात, आणि घड्याळ पक्षपात करत नाही. बरोबर आहे. पण ज्या खेळात बोट रेषेला लागलं का हे चित्रफीत थांबवून बघता येतं, तिथे चढाईपटूच्या गळपट्टीला एक लहान माइक लावून आवाज थेट पंचाच्या कानात सोडणं कठीण नाही. तोच आवाज प्रेक्षकालाही ऐकवला तर टीव्हीवरची चढाई दुपटीने थरारक होईल. रायगडच्या गावात माइकचीही गरज नाही, मैदान लहान आणि माणसं जवळ. किशोर गटाच्या सामन्यांत एका पंचाने फक्त दमच ऐकायचा, बोट आणि रेषा दुसऱ्यांनी बघायच्या, एवढं काम तालुक्यातल्या संयोजकांनी याच हंगामात ठरवावं. घड्याळ चालू ठेवावं, तिसरी चढाई ठेवावी, मॅट मिळाली तर मॅटही घालावी. अठराव्या सेकंदाला आवाज तुटला तर शिट्टी अठराव्या सेकंदालाच वाजवावी. मग पोरं सरावाला येतील तेव्हा हनुमान उडीआधी श्वास लांबवायला शिकतील.