सावली कोणाची?

चाकणजवळच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, त्याच्या आवारात मागच्या बाजूला एक बाग आहे. फाटकाबाहेर कंटेनरच्या रांगा आणि धूळ, आत प्रेसशॉपची धडधड. जेवणाच्या सुट्टीत जोहरची नमाज झाली की मी दहा मिनिटे या बागेत चालतो. कडुलिंबाखालची पायवाट, वैशाखात पिवळाजर्द झालेला बहावा, पाण्याच्या नळीजवळ अंग भिजवणाऱ्या साळुंक्या. डोक्यातला गोंगाट हळूहळू खाली बसतो. झाडेही अल्लाहला सजदा करतात असे सूरह रहमानमध्ये सांगितले आहे. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट मला तिथे मनापासून पटते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र या शांततेला तडा गेला. बागेचे काम करणारे मामा, ठेकेदाराकडचे, बहाव्याखाली भाकरी सोडून बसले होते. सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, "ठेकेदाराच्या माणसांनी इथं बसायचं नाही." मामा काही बोलले नाहीत. फडके बांधले आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली निघून गेले. मी चार पावलांवर बाकावर बसलो होतो. मीही काही बोललो नाही.

ज्याने झाडाला पाणी घातले त्याला सावली नाही आणि मला आहे, तर मला लाभणारा हा सुकून हलाल म्हणायचा का?

एक मन म्हणाले, बागेत जाणेच सोडून दे. पण मी गेलो नाही म्हणून मामांना सावली मिळणार होती का? दुसरे मन म्हणाले, नियम तू केलेला नाहीस. तेही खरे, पण तो नियम माझ्यासमोर राबवला जात असताना मी गप्प होतो. सौंदर्याचा आनंद घेणे हा गुन्हा नव्हे. झाड ओळखपत्र पाहून सावली देत नाही. गुन्हा होता तो माझ्या मौनाचा.

आपल्या या औद्योगिक पट्ट्यात कारखान्याच्या आवारात झाडे लावण्याची परंपरा जुनी आहे. १९६०च्या दशकात टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाना उभारला. तेव्हा सुमंत मुळगावकरांनी त्या ओसाड जमिनीवर हजारो झाडे लावून घेतली, तलाव करवून घेतला. तिथे पुढे पक्षी येऊ लागले. यंत्रांत आयुष्य घालवलेल्या या इंजिनिअरला झाड ही चैन वाटली नाही. आज तर अनेक उद्योगांना पर्यावरण मंजुरी घेताना ठरावीक जागेवर हरित पट्टा राखण्याची अट असते. कायदा झाडांचा हिशेब मागतो. त्या झाडांखाली कोण बसते, हे तो विचारत नाही.

आपला दीन मात्र विचारतो. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशा अर्थाची हदीस आहे. तिथे 'माणूस' एवढेच म्हटले आहे. कायम की कंत्राटी, असा भेद नाही. आणि जन्नत या शब्दाचा अर्थच मुळी बाग. ज्या जन्नतीची आपण दुआ मागतो, तिच्या दारात ठेकेदाराची माणसे वेगळी काढली जातील, अशी कल्पना तरी करवते का?

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मामा, चला, माझ्यासोबत बसा." ते हसले. "नको साहेब, तुम्ही उठून जाल, माझ्या पोटावर पाय येईल." माझ्या चांगुलपणाची किंमत त्यांना मोजावी लागली असती, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. एकट्याने पुण्य करणे किती सोपे असते! मग आम्ही सात-आठ जणांनी मिळून लेखी अर्ज दिला: जेवणाच्या सुट्टीत बाग सर्वांना खुली असावी. त्यात मामांचे नाव घातले नाही.

उत्तर अजून आलेले नाही. मी बागेत जातो, बहावा पाहतो, मन निवतेही. पण हा सुकून आता फुकटचा वाटत नाही. कोणाचे तरी देणे आपल्या अंगावर आहे, ही जाणीव सोबत चालते. नेमत मिळाल्यावर जिभेने शुक्र अदा करणे सोपे आहे. तो पुरा होतो ती नेमत वाटली गेल्यावरच.