रस्ता कोणाच्या पैशाचा?

वॉर्डाच्या सभेत एक शब्द नेहमी कानावर पडतो : करदाता. 'आम्ही करदाते, आमच्या गल्लीत डांबर आधी पडलं पाहिजे.' बोलणाऱ्याच्या खिशात घरपट्टीची पावती असते. आपल्या झोपडीची नोंद नाही, म्हणून पावती नाही, म्हणून आपण फुकटे! हा हिशेब तपासलाच पाहिजे.

भंडाऱ्यासारख्या शहरांच्या वेशीवर पूर्वी जकात नाका असे. विकायला, वापरायला आत येणाऱ्या मालावर तिथं नगरपालिका पैसे घेई, आणि त्यातून रस्ते, नाल्या, दिवे व्हायचे. नाक्यावर व्यापाऱ्याचा पैसा भरला जाई. व्यापारी तो साबणाच्या वडीत अन् काडीपेटीत घालून आपल्याकडून वसूल करी. पावती त्याच्या गल्ल्यात, पैसा बिडी वळणाऱ्या बाईचा. वाड्यातल्याला अन् झोपडीतलीला काडीपेटी एकाच भावाची. पण तिची मजुरी सगळीच बाजारात जाते, शिल्लक काय राह्यते? म्हणजे कमाईच्या मानानं जास्त कर तिचाच.

१९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचीही गेली. आता कर मुंबई-दिल्लीला जातो आणि अनुदान होऊन परत येतो. येताना फलक घेऊन येतो : 'साहेबांच्या प्रयत्नातून.' काहून बाप्पा? पैसा आमच्या साबणाचा, आभार साहेबांचे?

तर मग आपणही म्हणावं, की आम्ही कर भरतो म्हणून रस्ता द्या? या युक्तिवादात जोर आहे. १९२३ च्या बोले ठरावाचा एक आधार तोच होता : सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते कसली पावती दाखवायला नव्हे. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क बजावायला गेले. पावतीवर हक्क ठरला तर ज्याची खरेदी मोठी त्याचा रस्ता रुंद, आणि काहीच विकत न घेऊ शकणाऱ्या म्हातारीनं चिखलातूनच चालायचं. करदात्याचं तोंड बंद करायला काडीपेटीचा हिशेब जरूर सांगा. पण आपली मागणी त्याच्यावर उभी करू नका.

आणखी एक गोम आहे. रस्ता मागायला गेलं की ऐकवतात, 'दलितवस्ती सुधारचा निधी येऊ द्या.' मग सर्वसाधारण निधी कोणाचा? तो बाजारपेठेचा अन् सिव्हिल लाइनचा, आणि आपण तेवढे खास! खास निधी हा जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून वरचा आहे. नेहमीच्या वाट्याच्या बदल्यात दिलेला नाही. खास निधी दाखवून नेहमीचा वाटा कापणं, ही सरळ चोरी आहे.

म्हणून पुढच्या सभेला जाताना घोषणांबरोबर कागदही न्या. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत काढा. सर्वसाधारण निधीतून तीन वर्षांत कोणत्या वॉर्डात किती मीटर रस्ता झाला, एवढंच विचारा. खास निधीचा आकडा त्यात मिसळू देऊ नका.